'स्वशासना'तील 'स्व' : दापोलीतील कातकरी वाडीच्या संदर्भात एक चिकित्सा

१

आदिवासी समाजांच्या स्वशासनाची चर्चा बहुधा अधिकार, निधी आणि अंमलबजावणी या तीन अंगांनी केली जाते. कोणते अधिकार दिले, त्यांसाठी निधी किती ठेवला आणि त्यांपैकी प्रत्यक्षात काय उतरले, अशा क्रमाने हा विचार पुढे सरकतो. हा क्रम अयोग्य आहे असे नाही. पण एक प्रश्न आधीच सुटलेला आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. अधिकार ज्याला द्यावयाचा तो 'स्व' कोणता, हा तो प्रश्न होय. कायदा या प्रश्नाचे उत्तर व्याख्येने देतो, आणि एकदा व्याख्या झाली की तिच्याबाहेर कोण राहिले याची विचारपूस सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात या व्याख्येचीच चिकित्सा योजिली आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील कातकरी समाजाचे आहे.

'स्व' हा शब्द संस्कृत वैयाकरणांनाही विचार करावयास लावणारा ठरला. भाऊबंद आणि धन हे दोन अर्थ वगळून अन्यत्र 'स्व' शब्दाला सर्वनामसंज्ञा द्यावी, असे पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. आणि त्यावरील विवेचनात 'स्व'चे चार अर्थ परंपरेने मांडले गेले : आत्मा, आत्मीय, ज्ञाती आणि धन. सर्वनामाचा धर्म असा की त्याचा निर्देश कोणाकडे आहे हे त्याच्या एकट्यावरून कळत नाही. वाक्यात अन्यत्र असलेल्या पदावरून ते ठरते. 'स्वशासन' या समासात असे पद दिसत नाही. शासन करणारा आणि ज्याचे शासन करावयाचे तो एकच, एवढेच हा समास सांगतो. तो कोण हे सांगत नाही. ही उणीव कायद्याला भरून काढावी लागते. भारतीय कायद्याने ती 'गाव' या शब्दाने भरून काढली आहे.

कायद्याचे 'गाव' आणि लोकव्यवहारातील एकत्र ठरविणारी वस्ती ही दोन जेथे एकमेकांशी जुळतात तेथे स्वशासन मूळ धरू शकते. जेथे ती जुळत नाहीत तेथे अधिकार कागदावर असूनही तो धारण करणारा कोणी उरत नाही. दापोलीतील कातकरी वाडीची स्थिती दुसऱ्या प्रकारची आहे, असे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम कायद्याच्या शब्दांकडे पाहिले पाहिजे. १९९२च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, पंचायतींना घटनेत स्थान दिले. तिच्यातील अनुच्छेद २४३ प्रमाणे 'गाव' म्हणजे राज्यपालांनी जाहीर अधिसूचनेद्वारे गाव म्हणून निर्देशिलेले क्षेत्र. आणि 'ग्रामसभा' म्हणजे त्या गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या व्यक्तींचा समुदाय. येथे गाव ही अधिसूचनेने निर्माण होणारी वस्तू आहे. लोक कोठे एकत्र बसतात, कोणाशी सोयरीक करतात, तंटा कोणापुढे नेतात, या गोष्टींशी त्या व्याख्येला कर्तव्य नाही.

पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना मात्र ही दुरुस्ती आपोआप लागू होऊ नये, अशी तरतूद अनुच्छेद २४३ड मध्ये केली गेली. त्या क्षेत्रांसाठी दिलीपसिंह भूरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला, आणि त्यातून पुढे २४ डिसेंबर १९९६ रोजी अमलात आलेला पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, म्हणजे 'पेसा', सिद्ध झाला. या अधिनियमाच्या चौथ्या कलमाने 'गाव' शब्दाचा अर्थ पालटला. परंपरा आणि रूढी यांनुसार आपला कारभार पाहणारा समाज ज्या वस्तीत, वस्त्यांच्या समूहात, पाड्यात किंवा पाड्यांच्या समूहात राहतो ते सामान्यतः गाव होय, असा त्याचा आशय आहे. अनुच्छेद २४३ मध्ये आधी गाव आणि मग त्यातील माणसे असा क्रम होता. पेसामध्ये आधी समाज आणि मग त्याचे गाव असा क्रम आला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या नियमांनी पुढे वस्तीतील मतदारांना, आपली वस्ती स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हावी असा ठराव करण्याचा मार्ग मोकळा केला. भाषेच्या दृष्टीने पाहता हा लहान फेरफार नव्हे. व्याख्या करण्याचा अधिकारच येथे काही अंशी व्याख्या होणाऱ्याच्या हाती आला आहे.

परंतु हा पालटलेला अर्थ अनुसूचित क्षेत्रापुरता आहे. महाराष्ट्रात पालघर, ठाणे, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली आदी जिल्ह्यांचे पूर्ण किंवा आंशिक भाग त्या क्षेत्रात येतात; रायगड आणि रत्नागिरी येत नाहीत. कातकरी समाज या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर किंवा पालघर जिल्ह्यातील जव्हार येथील कातकऱ्यांचा पाडा 'गाव' होऊ शकतो. दापोलीतील कातकऱ्यांची वाडी त्या मार्गाने होऊ शकत नाही. दोहोंची जमात एक आहे आणि राज्य एक आहे. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित ठरविलेल्या जनजातींत महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांचा समावेश आहे, आणि ती मान्यता दापोलीतील कातकऱ्यांनाही तशीच लागू आहे. तात्पर्य, अनुसूचित जमातींच्या यादीने त्यांचा 'ज्ञाती' हा अर्थ मान्य केला. अनुसूचित क्षेत्रांच्या यादीने त्यांची भूमी, म्हणजे 'धन' हा अर्थ, बाहेर ठेवला. माणूस यादीत आहे आणि त्याच्या पायाखालची जागा यादीत नाही, अशी ही अवस्था आहे.

अनुसूचित जमाती व अन्य पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांचा २००६चा अधिनियम देशभर लागू असल्यामुळे तो ही दरी बुजवील, अशी अपेक्षा करता येईल. त्याच्या दुसऱ्या कलमातील 'गाव'ची व्याख्या पाहिली म्हणजे ही अपेक्षा काहीशी मावळते. अनुसूचित क्षेत्रात पेसामधील गाव ते गाव. इतरत्र राज्याच्या पंचायतविषयक कायद्यात ज्याला गाव म्हटले असेल ते गाव. त्याखेरीज वनग्रामे व जुन्या वस्त्या. म्हणजे दापोलीपुरते बोलावयाचे तर पहिला अर्थ पुन्हा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाकडेच परत येतो.

३

आता दापोलीच्या लोकव्यवहारात 'गाव' म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. उत्तर कोकणातील 'पाडा' किंवा गडचिरोलीतील 'टोला' यांच्या जागी येथे 'वाडी' हा शब्द आहे, आणि तो केवळ भौगोलिक नाही. एका महसुली गावात चार-सहा वाड्या असतात. त्यांची नावे पुष्कळदा तेथे राहणाऱ्या जातीवरून, आडनावावरून किंवा दिशेवरून पडलेली असतात. वाडीची आपली बैठक असते, वर्गणी असते, भांडणे मिटविण्याची रीत असते. चाकरमान्यांचे मुंबईतील मंडळही अनेकदा वाडीच्या नावाने चालते. या वाड्यांना एकत्र बांधणारी 'गावकी' ग्रामदेवतेच्या देवळाभोवती उभी असते. शिमग्यात पालखी कोणाच्या दारी आधी जावी, कोणत्या घराण्याचा मान कोणता, यांतून गावकी आपली रचना दरवर्षी नव्याने उच्चारीत असते. ज्याला मान आहे तो गावकीत बोलू शकतो. कातकरी वाडीला या मानाच्या क्रमात सहसा स्थान नसते.

या रचनेमागे खोतीचा इतिहास आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गावाचा सारा गोळा करणारा खोत हा व्यवहारात गावाचा धनी झाला होता. १८८०च्या खोती कायद्याने त्याचे व कुळांचे संबंध नियमबद्ध केले. ही पद्धत मोडावी यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. आणि अखेर १९४९च्या कायद्याने ती रद्द झाली. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे दापोलीला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यात, आणि त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेलेला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी ग्रामसंस्थांच्या गौरवाला जो कठोर विरोध केला आणि घटनेचा घटक गाव न मानता व्यक्ती मानली याचे समर्थन केले, ते वाचताना हा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरते. गाव हा एकजीव, निष्पक्ष समुदाय आहे ही कल्पना कोकणाच्या खोती गावात टिकणारी नव्हती.

कातकऱ्यांचे या गावाशी असलेले नाते आणखी दूरचे आहे. त्यांचे नाव खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. इंग्रजी अमदानीत वनांवर सरकारी निर्बंध आले, खैर तोडणे अवघड झाले, आणि जमातीचे नाव मागे उरून धंदा गेला. पुढे कोळसाभट्ट्या, वीटभट्ट्या आणि शेतमजुरी हे त्यांचे आधार झाले. पावसाळा संपून दिवाळी सरली की मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घरे पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर असतात. रायगड जिल्ह्यातील अशा वाड्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न डॅनिअल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी कातकरी कार्यकर्त्यांच्या साह्याने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सविस्तर मांडला आहे. जमिनीला भाव येऊ लागला की कालपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसलेली वाडी अडचण वाटू लागते, हे त्या अभ्यासाचे सूत्र समुद्रकिनारी पर्यटन वाढलेल्या दापोलीलाही विचार करावयास लावणारे आहे.

४

अशी वाडी जेव्हा ग्रामसभेत येते तेव्हा काय घडते? हा प्रश्न तीन ठिकाणी तपासता येतो : सभेच्या तारखा, सभेची गणपूर्ती आणि सभेची भाषा.

महाराष्ट्रात ग्रामसभा भरविण्याच्या रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या होत. राष्ट्रीय व राज्यीय दिनांशी त्यांची सांगड घालण्यामागील हेतू स्तुत्य आहे. पण स्थलांतराचे वर्ष या दिनदर्शिकेवर ठेवून पाहिले म्हणजे चारांपैकी पहिल्या दोन तारखा कातकरी कुटुंबे भट्टीवर असण्याच्या काळात पडतात, असे दिसते. त्यांतही पुढील वर्षाच्या कामांची आणि लाभार्थ्यांची चर्चा जेव्हा उन्हाळ्यातील सभेत होते, तेव्हा ज्यांच्याविषयी ती होते ते तेथे नसतात. कोणी कोणाला मज्जाव केलेला नसतो. केवळ तारखेने माणूस वगळला जातो.

गणपूर्तीचा नियम ही वगळणूक लक्षात येऊ देत नाही. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर असले की सभा भरते; आणि त्याअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली तर तिला गणपूर्तीची अट नाही. वाड्यांची बेरीज करून झालेल्या गावात पंधरावीस घरांची एक वाडी सबंध गैरहजर राहिली तरी या गणिताला धक्का लागत नाही. वनहक्क नियमांत, २०१२च्या सुधारणेनंतर, निम्म्या सभासदांची उपस्थिती आणि उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया अशी अट आहे. दोन्ही ठिकाणी शब्द 'ग्रामसभा' हाच आहे. पण एकीचा अर्थ गावातील काही माणसे आणि दुसरीचा अर्थ गाव, असा फरक पडला आहे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. गोंडी ही द्राविड कुळातील असल्यामुळे गोंड माणूस आणि मराठी अधिकारी यांच्यात दुभाष्या लागतो, हे कोणालाही पटते. कातकऱ्यांच्या बोलीचे तसे नाही. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, तिची नोंद मराठीच्या परिवारात झाली. कातकरी माणूस बाजारात आणि भट्टीवर मराठी बोलतोही. या जवळिकीमुळेच तिची अडचण दिसत नाही. भाषा दूरची असली तर ती भाषा म्हणून ओळखली जाते. जवळची असली तर ती 'अशुद्ध मराठी' ठरते. बोलणारा मग दुसऱ्या भाषेत बोलत आहे असे मानले जात नाही. तो आपल्याच भाषेत चुकत आहे असे मानले जाते. ज्याचे प्रत्येक वाक्य चूक म्हणून ऐकले जाण्याची शक्यता आहे तो सभेत कमी बोलतो. त्यात समोर बसलेल्यांपैकी एखादा त्याच्या घराखालच्या जमिनीचा मालक असेल, तर त्याच्या मौनाला आणखी स्पष्टीकरणाची गरज नाही.

हे मौन इतिवृत्तात येते तेव्हा त्याचे रूप पालटते. ग्रामसभेच्या इतिवृत्ताची भाषा ठरलेली असते : विषय, सूचक, अनुमोदक आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. या साच्यात विरोध नोंदविण्याची सोय आहे. न बोलणे नोंदविण्याची नाही. जो बोलला नाही तो 'सर्व' या शब्दात आपोआप येतो. सर्वसंमती आणि सर्वांचे मौन ही दोन भिन्न स्थिती एका शब्दप्रयोगात लुप्त होतात.

येथे मराठीच्या सर्वनामव्यवस्थेतील एक भेद उपयोगी पडण्यासारखा आहे. उत्तम पुरुषाच्या अनेकवचनात मराठी 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द वापरते. पहिल्यात ऐकणारा वगळलेला असतो, दुसऱ्यात तो सामावलेला असतो. 'आपण' हा शब्द प्राकृतातील 'अप्पण' या रूपाच्या द्वारे 'आत्मन्' शब्दाकडे जातो. म्हणजे वैयाकरणांनी 'स्व'ला दिलेल्या पहिल्या अर्थाचा तो वंशज आहे. ग्रामसभेत सरपंच किंवा ग्रामसेवक 'आपण ठरवले' असे म्हणतो तेव्हा व्याकरणाने कातकरी श्रोता त्यात आलेला असतो. त्याने ठरविण्यात भाग घेतला की नाही, हे व्याकरण सांगू शकत नाही. ज्याला कोठेही 'आम्ही ठरवले' असे म्हणण्याची जागा नाही, त्याचा 'आपण'मधील समावेश हा नावापुरता असतो. स्वशासनाला दोन्ही सर्वनामे लागतात, आणि 'आम्ही' आधी लागते.

५

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण स्वशासनाच्या चर्चेत वारंवार येते, आणि ते योग्यच आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, या तेथील घोषणेत 'आम्ही' हे सर्वनाम आले आहे, ते वरील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करण्याची रीत रुजली. आणि निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेपासून वेगळे, केवळ विषय समजून घेण्यासाठी बसणारे अभ्यासमंडळ उभे राहिले. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, आणि २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे सोपविली. 'स्व'चे चारही अर्थ येथे एका वस्तीत एकत्र आले : ज्ञाती एक, धन सामाईक, रीत आपली, आणि ठरविणारा तोच.

अमेरिकेतील आदिवासी राष्ट्रांविषयी स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ काल्ट यांनी १९८७ पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकल्पात जो विचार मांडला, त्याच्याशी हे निरीक्षण जुळते. अधिकार हाती असणे, तो चालविण्यास समर्थ संस्था असणे आणि त्या संस्थांचा समाजाच्या स्वतःच्या अधिकारकल्पनेशी मेळ असणे, या तीन अटी त्यांनी सांगितल्या. १९३४च्या कायद्यानंतर तेथील अनेक जमातींनी जवळजवळ एकाच साच्याच्या घटना स्वीकारल्या. व्हाइट माउंटन भागातील अपाची समाजाला प्रबळ प्रमुखाची ती रचना मानवली, आणि पाइन रिजच्या ओग्लाला सू समाजाला ती मानवली नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. साचा एक असूनही फळ निराळे आले, कारण ज्या भूमीत तो लावला तिचा स्वभाव निराळा होता.

हा सिद्धान्त ग्राह्य असला तरी दापोलीपुढे तो अपुरा पडतो, हे सांगितले पाहिजे. संस्था आणि समाज यांचा मेळ आहे की नाही हे पाहण्यापूर्वी समाजाची सीमा ठरलेली असावी लागते. मेंढा हे गाव आणि गोंड समाज यांच्या सीमा एक होत्या. पाइन रिजलाही आपली राखीव भूमी होती. दापोलीतील कातकरी वाडी दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या जमिनीवर, आणि वर्षातील निम्मा काळ दुसऱ्या जिल्ह्यात असते. रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वन अत्यल्प, डोंगरही बहुतांशी खाजगी मालकीचे. त्यामुळे मेंढ्याला जो बांबू होता तसे सामाईक धनही येथे हाताशी नाही. मेंढ्याचे यश येथे जसेच्या तसे उतरविण्याची भाषा करणारे लेखन हा फरक दृष्टिआड करते. तेथून घेण्यासारखे आहे ते एवढेच, की सभेपूर्वी सभा असावी लागते. जेथे ठराव करावयाचा नाही, केवळ समजून घ्यावयाचे आणि आपल्या बोलीत बोलून पाहावयाचे, अशी जागा आधी असावी लागते.

६

वाडीला स्वशासनाचा घटक मानावे, या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आंबेडकरांच्या भूमिकेतून निघतो. गाव ही संकुचित वृत्तीची जागा असेल, तर वाडी त्याहून संकुचित ठरेल. आणि जातवार वाड्यांना स्वतंत्र सभा देणे म्हणजे गावाचे जुने तुकडे कायद्याने पक्के करणे होईल. हा आक्षेप गंभीर आहे. पण आंबेडकरांच्या युक्तिवादाचा गाभा असा की समूहाच्या नावाने दुर्बळ व्यक्तीचा आवाज दडपला जाऊ नये. ज्या ग्रामसभेत कातकरी माणसाचा आवाज ऐकूच येत नाही, तेथे त्याच युक्तिवादाचा कौल वाडीच्या बाजूने पडतो. वाडीची सभा ग्रामसभेच्या जागी यावी असे नाही, तिच्याआधी यावी. याला पूर्वाधार कायद्यातच आहे. ग्रामसभेच्या नियमित बैठकीपूर्वी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी तरतूद महाराष्ट्राने केली आहे. मोठ्या सभेत जो बोलू शकत नाही त्याला आधी लहान सभेत बोलू द्यावे, हे तत्त्व त्या तरतुदीत मान्य झालेले आहे. ते स्त्रियांपुरतेच राखण्यास तार्किक कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की कातकरी वाडीत स्वशासनाची तयार परंपरा कोठे आहे? उचलीच्या कर्जाने आणि स्थलांतराने तिची वीण उसवली आहे. मग पेसा ज्या परंपरांचा हवाला देते त्या येथे दाखवावयाच्या कशा? या आक्षेपात 'परंपरा' शब्दाचा अर्थ जुनी, गोठलेली वस्तू असा धरला आहे. भारतीय धर्मशास्त्राची दृष्टी याहून व्यापक होती. ज्यांचे शालेय शिक्षण दापोलीत झाले त्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात रूढीच्या प्रामाण्याचा विस्तृत ऊहापोह केला आहे. व्यवहाराच्या अठरा पदांपैकी एक पद समूहांनी आपसात केलेल्या करारांच्या पालनाचे आहे. मनू त्याला संविद्व्यतिक्रम म्हणतो आणि नारद समयाचे अनपाकर्म. गाव, श्रेणी, संघ यांनी एकत्र बसून जो 'समय' केला तो त्यांच्यावर बंधनकारक, आणि राजाने त्याचे रक्षण करावे, ही त्यातील कल्पना होय. 'समय' हा वारशाने येतो तसा नव्याने करताही येतो. भट्टीवर जाण्यापूर्वी उचल किती घ्यावी, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे आणि शाळेतील मुलांचे कोणी पाहावे, परत आल्यावर पाण्याची वाटणी कशी असावी, याविषयी वाडीने बसून केलेला ठराव हा त्या अर्थी समयच आहे. परंपरा नाही म्हणून स्वशासन नाही, असे म्हणणे म्हणजे बोलू न दिलेल्या माणसाला भाषा येत नाही असे म्हणण्यासारखे आहे.

यात वाडीचे उदात्तीकरण अभिप्रेत नाही. तेथेही पुरुषांचे वर्चस्व असू शकते आणि मुकादमाशी लागेबांधे असलेला माणूस वाडीचा पुढारी होऊ शकतो. म्हणूनच निम्म्या उपस्थितीची आणि एक तृतीयांश स्त्रियांची जी अट वनहक्क नियमांनी घातली, ती वाडीच्या सभेलाही असावी.

७

या विवेचनातून जे निष्पन्न होते ते नव्या कायद्यावाचूनही पुष्कळ अंशी साध्य होण्यासारखे आहे. २०१२ मध्ये सुधारलेल्या वनहक्क नियमांत '२-अ' हा नियम घालण्यात आला. महसुली किंवा वन अभिलेखांत गाव म्हणून नोंद नसलेल्या, वननिवासींच्या पारंपरिक वस्त्यांची यादी प्रत्येक पंचायतीने करावी, ती त्या वस्तीच्या सभेपुढे ठेवून संमत करून घ्यावी आणि अधिनियमाच्या प्रयोजनासाठी अशा वस्त्यांना गाव मानावे, असे तो सांगतो. दुसऱ्या कलमातील व्याख्येने जे दार लोटून घेतले होते ते या नियमाने किलकिले केले आहे, आणि तो अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात आदिम जमातींच्या अधिवासाचा सामूहिक हक्क सांगितला आहे. मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात बैगा समाजाला तो मिळाला. वनभूमीची अल्पता लक्षात घेता दापोलीत या तरतुदींचा लाभ मर्यादित राहील. तरीही वाडीला 'गाव' हे नाव एका प्रयोजनासाठी मिळाले, तर इतर प्रयोजनांसाठी ते मागण्याला भाषेचा आधार मिळतो.

प्रशासनाच्या व्यवहारात वाडी हा घटक अपरिचित आहे असेही नाही. विशेष असुरक्षित जनजातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्रीय 'जनमन' अभियानात घरे, रस्ते, पाणी यांची आखणी वस्ती हा घटक धरून झाली. देताना वस्ती मोजावयाची आणि ठरविताना गाव मोजावयाचे, यातील विसंगती उघड आहे. लाभ घेण्यापुरती जी वाडी अस्तित्वात असते ती निर्णय घेण्यापुरती अदृश्य का व्हावी, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात सापडत नाही.

२००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या, आणि भारताने अनुकूल मत दिलेल्या, आदिवासी समाजांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा तेरावा अनुच्छेद भाषेसंबंधी आहे. राजकीय, न्यायिक आणि प्रशासकीय कामकाजात या समाजांना समजावे आणि त्यांचे म्हणणे इतरांना समजावे, यासाठी राज्यांनी आवश्यक तेथे दुभाष्याची सोय करावी, असे त्यात अभिप्रेत आहे. दापोलीपुरता याचा अर्थ साधा आहे. ग्रामसभेची सूचना कातकरी वाडीत तोंडी, तिच्या बोलीत सांगितली जावी. वाडीची सभा भट्टीचा हंगाम सुरू होण्याआधी आणि तो संपल्यावर भरावी. आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द लिहिण्यापूर्वी कोणत्या वाडीतून किती जण हजर होते हे लिहिले जावे. या तीन गोष्टींना निधी लागत नाही. पहिलीसाठी मात्र कातकरी बोलीचे वर्णन, शब्दसंग्रह आणि तिच्यातील व्यवहारभाषेची नोंद लागेल, आणि ते काम विद्यापीठांच्या भाषाविभागांवाचून दुसरे कोणी करण्यासारखे नाही. बोलीला 'अशुद्ध' म्हणण्याची सवय मोडणे हे त्या कामाचे पहिले फळ ठरेल.

'स्व' या सर्वनामाला संदर्भ पुरविण्याचे काम आजवर अधिसूचनेने, नकाशाने आणि मतदारयादीने केले. पेसाने हे काम, निदान तत्त्वतः, समाजाकडे सोपविले. पण ते अनुसूचित क्षेत्राच्या रेषेपाशी थांबले. त्या रेषेच्या अलीकडे असलेल्या दापोलीतील कातकरी वाडीला 'आपण'मध्ये सामावून घेण्याची घाई सर्वांनाच आहे. तिला आधी 'आम्ही' म्हणता येईल एवढी जागा मिळाली, तर ग्रामसभेतील 'आपण' या शब्दालाही त्याचा खरा अर्थ लाभेल.